फारसं काही न बिघडणारे चित्रपट

ताण आलाय? मग एखादा संथ चित्रपट लावा. हा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. तो चुकीचा नाही, पण अर्धवट आहे, आणि अर्धवट असल्यामुळेच अनेकांना तो लागू पडत नाही. माणूस दमून घरी येतो, कुठल्याशा यादीतला नावाजलेला संथ चित्रपट लावतो, चाळीस मिनिटं कशीबशी काढतो आणि वैतागून बंद करतो. मग 'आपल्याला असलं काही झेपत नाही' असं स्वतःलाच सांगून परत मारधाडीकडे वळतो. दोष त्याच्या आवडीचा नसतो. त्याला भलताच चित्रपट सुचवलेला असतो.

शांताल आकेरमान यांचा १९७५ सालचा 'जान दीलमान' घ्या. लांबी २०१ मिनिटं. एक विधवा बटाटे सोलते, अंथरूण आवरते, भांडी घासते आणि कॅमेरा जागचा हलत नाही. २०२२ मध्ये 'साइट अँड साउंड' मासिकाने जगभरच्या समीक्षकांची मतं घेतली, त्यात हा चित्रपट पहिला आला. संथ आहे का? आहे. साधा दिसतो का? दिसतो. पण दुसऱ्या दिवशी तिच्याकडून बटाटे जास्त शिजतात आणि तिथून पुढे प्रेक्षकाच्या पोटात गोळा यायला लागतो, कारण घड्याळाच्या काट्यावर चालणारं तिचं आयुष्य कुठेतरी उसवतंय हे कळलेलं असतं. चित्रपटाचा संथपणाच इथे धास्ती वाढवतो. बेला तार यांचा १९९४ सालचा सात तासांहून मोठा 'सातान्तांगो' याच जातीचा. हे दोन्ही चित्रपट पाहायलाच हवेत, पण सुट्टीच्या सकाळी, ताज्या डोक्याने. कामावरून आल्यावर नाही.

थकलेल्या माणसाला आराम मिळतो तो गोष्टीत फारसं काही पणाला लागलेलं नसतं म्हणून. वेग हा त्यातला दुय्यम भाग. डेव्हिड लिंच यांच्या १९९९ सालच्या 'द स्ट्रेट स्टोरी'मध्ये एक म्हातारा गवत कापायच्या यंत्रावर बसून, वर्षानुवर्षं अबोला धरलेल्या आजारी भावाला भेटायला निघतो. अंतर सुमारे ३८५ किलोमीटर, वेग ताशी जेमतेम आठ किलोमीटर. अशी सफर १९९४ मध्ये एका वृद्ध अमेरिकन गृहस्थांनी खरोखर केली होती. प्रश्न एकच, तो पोहोचेल का; आणि पोहोचणार हे आपल्याला मनातून माहीत असतं. वाटेत यंत्र बिघडतं, दुरुस्त होतं. अनोळखी माणसं भेटतात, बरी निघतात. एका प्रसंगात युद्धाची आठवण निघते आणि तो प्रसंग चांगलाच जड आहे. तरीही चित्रपटाचा आराम मोडत नाही. दुःख विश्रांतीच्या आड येत नाही, धास्ती येते. हा फरक लक्षात ठेवला तर निवड निम्मी सोपी होते: रडवणारा चित्रपट चालेल, दचकवणारा नको, म्हातारपण चालेल, पाठलाग नको, भांडण चालेल, कुणी कुणाला कोंडून ठेवलंय असं नको.

वेगाचा मुद्दा दुय्यम म्हटला, तरी तो पोकळ नाही. चित्रपट-अभ्यासक डेव्हिड बोर्डवेल यांच्या मोजणीनुसार १९३० ते १९६० या काळात हॉलीवूडच्या बहुतेक चित्रपटांत एका शॉटची, म्हणजे दोन कटांमधल्या सलग तुकड्याची, सरासरी लांबी ८ ते ११ सेकंद असायची. शतक संपेपर्यंत ती ३ ते ६ सेकंदांवर आली होती. दर कटला नजरेला नव्याने शोधाशोध करावी लागते: आता आपण कुठे आहोत, कोण बोलतंय, कुठे पाहायचं? पडद्यावर अचानक बदल झाला की लक्ष आपोआप तिकडे खेचलं जातं, हृदयाचे ठोके क्षणभर मंदावतात, शरीर सावध होतं. ही जुनी, उपजत प्रतिक्रिया आहे आणि ती आपल्या हातात नसते. शंभर मिनिटांत दीड हजार वेळा ती उठवायची की पाचशे वेळा, यात दमलेल्या माणसाच्या दृष्टीने नक्कीच फरक आहे.

मग कट अजिबातच नसले तर? न्यूयॉर्क विद्यापीठात युरी हासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेलं काम इथे उपयोगी पडतं. त्यांनी वेगवेगळ्या माणसांना एकच दृश्य दाखवून मेंदूची प्रतिमा घेतली आणि मेंदूच्या बाह्यपटलाचा किती भाग सगळ्यांमध्ये सारखाच चालतो हे मोजलं. हिचकॉकच्या दूरचित्रवाणीवरच्या एका थरारक भागात तो ६५ टक्क्यांच्या वर होता, एका गाजलेल्या वेस्टर्नमध्ये ४५ टक्के, एका सैलसर विनोदी मालिकेत १८ टक्के. आणि एका बागेत कॅमेरा नुसता ठेवून केलेल्या, संपादन न केलेल्या चित्रणात ५ टक्क्यांहून कमी. म्हणजे थरारपट सगळ्यांची मनं एका दोरीने ओढत नेतो, आणि बागेसमोर बसलेला प्रत्येक जण आपापल्या विचारात असतो.

प्रयोग एवढंच सांगतो. पुढचा निष्कर्ष आमचा: ताण घेऊन बसलेल्या माणसाला ही दोन्ही टोकं सोयीची नाहीत. थरारपटात त्याला मोकळीक नाही, आणि नुसत्या बागेसमोर बसवलं तर मोकळी जागा चिंता बळकावते. उद्याची बैठक, न आलेला फोन, अर्धवट राहिलेलं भांडण, सगळं त्या बाकावर येऊन बसतं. धबधबा किंवा शेकोटी तासभर दाखवणाऱ्या चित्रफिती म्हणूनच पुष्कळांना दहा मिनिटांच्या वर रुचत नाहीत. मनाला धरायला बारीकसा का होईना, गोष्टीचा धागा लागतो. तो एवढाच घट्ट हवा की मन ऑफिसात परत जाणार नाही, आणि एवढा सैल की खिडकीतल्या पडद्याच्या हलण्याकडे बघत बसलो तरी काही निसटणार नाही. चांगल्या साध्या चित्रपटाचं कसब या मोजमापात असतं. दिसतं त्यापेक्षा ते फार कठीण आहे. असे चित्रपट करू गेलेल्या अनेकांच्या हातून निव्वळ कंटाळवाणी गोष्ट तयार होते.

नॉर्वेच्या सार्वजनिक वाहिनीने, एनआरकेने, २००९ मध्ये बर्गन ते ऑस्लो हा सात तासांहून मोठा रेल्वेप्रवास जवळजवळ जसाच्या तसा दाखवला आणि पन्नास लाखांहून कमी वस्तीच्या त्या देशात दहा लाखांहून जास्त लोकांनी तो निदान काही वेळ पाहिला. हे उदाहरण वरच्या मुद्द्याच्या विरुद्ध जातं असं वाटेल. पण तिथेही धागा होता: गाडी एका गावाहून निघाली आहे, दुसऱ्या गावाला पोहोचायची आहे, मधली स्थानकं ओळखीची आहेत. बोगदे आले की त्या अंधारात रेल्वेची जुनी चित्रणं दाखवली होती. काळा पडदा कुणी किती वेळ पाहणार, हे वाहिनीलाही ठाऊक होतं. पुढे २०११ मध्ये त्यांनी किनाऱ्याने जाणाऱ्या बोटीचा १३४ तासांचा प्रवास थेट दाखवला.

आता सगळ्यात बळकट आक्षेप. 'आम्हाला थरारपट पाहूनच बरं वाटतं' म्हणणारे लोक खोटं बोलत नाहीत. कामानंतरच्या विश्रांतीचा अभ्यास करणाऱ्या साबिने झोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये विश्रांतीचे चार घटक मांडले: कामापासून मनाने सुटणं, अंग-मन सैलावणं, काहीतरी नवं जमल्याचं समाधान, आणि आपला वेळ आपल्या ताब्यात असणं. थरारपट पहिलं काम झक्क करतो; दोन तास ऑफिस आठवतसुद्धा नाही. दुसऱ्या घटकात तो नापास होतो. शिवाय चढलेली उत्तेजना चित्रपट संपताक्षणी उतरत नाही. काही वेळ ती अंगात राहते आणि पुढच्या घडामोडीला चिकटते. साडेअकराला खुनाचा उलगडा झाला आणि पावणेबाराला घरात कुणी दिवा चालू ठेवल्याचं दिसलं, तर त्या दिव्यावरून जो आवाज चढतो त्यात चित्रपटाचाही हात असू शकतो. संध्याकाळी सातला पाहिलेल्या थरारपटाबद्दल आमची काही तक्रार नाही.

आणि दिवसभराच्या कामात ताणापेक्षा कंटाळाच जास्त असेल, तर संथ चित्रपट सुचवणं सरळ चूक आहे. जेनिंग्ज ब्रायंट आणि डॉल्फ झिलमन यांनी १९८४ मध्ये हे तपासलं होतं: कंटाळलेली माणसं उत्तेजक कार्यक्रमांकडे वळली, ताणलेल्यांनी शांत कार्यक्रमांना त्यांच्याहून जास्त वेळ दिला. एकसुरी काम करणाऱ्याला संध्याकाळी आणखी एकसुरीपणा वाढायचा नसतो. त्याला खुशाल मोटारींचे पाठलाग पाहू द्या.

एक निष्कर्ष मात्र आमच्याच बाजूला बोचणारा आहे. रॉबर्ट क्युबी आणि मिहाय चिक्सेंटमिहाय यांना आढळलं की टीव्ही पाहताना लोक सैलावतात, पण टीव्ही बंद केला की सैलपणा लगेच ओसरतो. मागे राहते ती मरगळ. जितका जास्त वेळ पाहावं तितकं समाधान कमी. त्यामुळे 'शांत काहीतरी' म्हणून एकामागून एक चार भाग पाहिले, तर हिशेब तोट्यात जातो. चित्रपटाचा इथे एक मोठा फायदा आहे: तो संपतो. नव्वद मिनिटांनी गोष्ट पुरी होते आणि उठायला निमित्त मिळतं. मालिकेचा भाग पुष्कळदा मुद्दाम अर्धवट ठिकाणी तोडलेला असतो, म्हणून शांत वाटणाऱ्या मालिकाही विश्रांतीसाठी तितक्या कामाच्या नाहीत.

निवड कशी करावी, यावर थोडं सविस्तर. पहिला नियम, दमलेले असताना निवडायचं नाही. ओटीटी सेवेची पानं सरकवत बसणं हे स्वतःच काम आहे. शंभर पोस्टर, शंभर हलती चित्रं, प्रत्येकाला हो किंवा नाही. अर्धा तास असा गेला की माणूस हातात येईल ते लावतो आणि ते बहुधा ओरडणारंच असतं. सुट्टीच्या दिवशी पाच-सहा नावं काढून ठेवावीत. लांबी ८० ते ११० मिनिटं. सारांश वाचताना काही शब्द आले की ते नाव बाजूला: 'भूतकाळाचं सावट', 'धक्कादायक सत्य', 'एका रात्रीत सगळं बदलतं', 'काळाशी शर्यत'. लहान मूल किंवा प्राणी संकटात सापडतो का, हे आधी पाहावं. शांत दिसणारे कितीतरी चित्रपट शेवटच्या अर्ध्या तासात नेमकं हेच करतात, आणि पोस्टरवरच्या हिरव्या कुरणावरून ते कळत नाही. महोत्सवात पारितोषिक मिळालंय ही शिफारस इथे कामाची नाही, क्वचित उलटीही पडते.

आधी पाहिलेला चित्रपट पुन्हा पाहायला कमीपणा मानू नये. पुढे काय होणार हे माहीत असणं, हीच तर या कामासाठी सगळ्यात मोठी पात्रता. नवं पाहण्याची हौस वेगळ्या दिवसासाठी राखून ठेवता येते.

भाषेचा प्रश्न दुहेरी आहे. सबटायटल वाचायचे म्हणजे नजर पडद्याच्या खालच्या पट्टीला बांधलेली. ओळीत चाळीसेक अक्षरं, एका वेळी दोन ओळी. दिवसभर संगणकावर वाचून डोळे शिणलेले असतील तर आपल्या भाषेतला चित्रपट घ्यावा. ज्याचा हात सारखा फोनकडे जातो त्याला मात्र परकी भाषा उपकारक ठरते, कारण नजर हटली की गोष्ट हातची जाते. कमी संवादांचा चित्रपट दोघांनाही चालतो, पण त्यात सांगण्यासारखं सगळं चित्रातच असतं. एकीकडे कपड्यांच्या घड्या घालत तो पाहता येत नाही. घड्या घालायच्याच असतील तर गप्पांचा चित्रपट बरा.

पाहायला बसल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं जड जातात. शरीर अजून कामाच्या वेगात असतं आणि पडद्यावर कुणीतरी सावकाश चहा ओतत असतं. इथेच बहुतेकजण सोडून देतात. वीस मिनिटांच्या आत निकाल द्यायचा नाही, एवढं पथ्य पाळलं तर बरेचसे चित्रपट पुढे आपोआप मानवतात. आणि विसाव्या मिनिटालाही चीडचीड होत असेल तर तो त्या दिवसाचा चित्रपट नाही, निवांत बंद करावा. फोन पालथा घालून जवळ ठेवणं पुरत नाही, तो दुसऱ्या खोलीत हवा. जेवण आधी उरकावं, कारण ताट रिकामं झालं की मोकळा झालेला हात काहीतरी शोधतो. आणि मध्येच झोप लागली तर? लागू द्यावी. ज्या कामासाठी चित्रपट लावला होता ते झालं. दुसऱ्या दिवशी उरलेला भाग कर्तव्य म्हणून पाहायची गरज नाही.

अपराधी वाटण्याचं काय करायचं, हे अवघड आहे. लिओनार्ड राइनेके आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की जे लोक कामाने सगळ्यात जास्त पिचलेले असतात, त्यांनाच पडद्यासमोर बसणं म्हणजे टाळाटाळ वाटते, आणि त्या अपराधीपणामुळे विश्रांतीचा फायदाही कमी होतो. ज्याला गरज जास्त, त्यालाच लाभ कमी. यावर खात्रीचा उपाय नाही. पण दोन तास आधीच ठरवून बाजूला काढलेले असले आणि ते कुठे संपणार हे माहीत असलं, तर टोचणी कमी होण्याची शक्यता आहे. निदान चार घटकांतला शेवटचा, वेळेवरचा ताबा, त्यामुळे हाती राहतो.

यंत्रांच्या खोड्याही इथे आडव्या येतात, आणि संथ चित्रपटाला त्यांचा त्रास जास्त होतो. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. नवे टीव्ही मधल्या खोट्या चौकटी स्वतः तयार करून हालचाल गुळगुळीत करतात. वेगवान चित्रपटात ते खपून जातं. पण कॅमेरा शेतावरून सावकाश फिरतो तेव्हा सगळं निसरडं आणि कृत्रिम दिसतं, मालिकेच्या सेटवर आल्यासारखं. ही सोय प्रत्येक कंपनी वेगळ्या नावाने देते. चित्राच्या सेटिंगमध्ये मोशन, स्मूद, फ्लो अशा शब्दांच्या आसपास ती सापडते. ती बंद करावी, किंवा २०१९ नंतरच्या अनेक संचांत असलेला 'फिल्ममेकर मोड' सरळ चालू करावा.

आवाजाचं दुखणं वेगळं. शांत चित्रपटात कुजबूज फार हळू आणि आगगाडी खऱ्यासारखी मोठी असते. संवाद ऐकू यावेत म्हणून आवाज वाढवला की पुढच्या दृश्यातली गाडी कानावर आदळते आणि सगळा आराम गेला. टीव्ही किंवा साउंडबारमधला 'नाइट मोड' दोन्हींमधलं अंतर कमी करतो. या चित्रपटांसाठी तो वापरायला हरकत नाही. टीव्हीच्या स्वतःच्या दोनच स्पीकरांवर ऐकत असाल तर ध्वनीच्या पर्यायांत ५.१ (अनेक स्पीकरांसाठीचा आवाज) ऐवजी स्टिरिओ निवडून पाहावा. पुष्कळदा संवाद स्पष्ट होतात. खोलीत पूर्ण अंधार करू नये, पडद्याच्या मागे मंद दिवा असला की डोळ्यांवरचा ताण उतरतो. नेट मंद असेल तर चित्रपट आधी उतरवून ठेवावा, कारण रात्रीच्या स्थिर दृश्यांत कमी दर्जाचं चित्र चौकोनांत फुटतं, आणि कॅमेरा दहा सेकंद तिथेच थांबला असला की ते चौकोन मोजण्यापलीकडे काही उरत नाही.

इथपर्यंतचं ज्याचं त्याने करण्यासारखं आहे. पण एकेकट्याने सेटिंग बदलून प्रश्न सुटत नाही, कारण चित्रपट पोहोचवणारी व्यवस्थाच या जातीच्या चित्रपटांना गैरसोयीची बांधलेली आहे.

मोजमापापासून सुरुवात करू. २०२० च्या सुरुवातीला नेटफ्लिक्स असं सांगत होतं की एखादं नाव निवडून निदान दोन मिनिटं पाहिलं की ते 'पाहिलं' असं धरायचं. २०२१ मध्ये मोजणी एकूण तासांवर आली, आणि २०२३ पासून एकूण तासांना लांबीने भागायला लागले. पहिल्या पद्धतीत जिंकतं ते पोस्टर आणि पहिली दोन मिनिटं. दुसऱ्या पद्धतीत आठ तासांची मालिका नव्वद मिनिटांच्या चित्रपटावर आपोआप मात करते. तिसरी पद्धत त्यातल्या त्यात न्याय्य, हे कबूल करायला हवं. पण यातल्या एकाही आकड्याला हे कळत नाही की पाहणारा नंतर बरा झोपला की रात्री दोनपर्यंत जागा राहिला. जे मोजलं जातं तेच पुढे बनवायला पैसे मिळतात. शांतपणे पाहून, बंद करून, झोपायला गेलेला प्रेक्षक या हिशेबात जागून आणखी तीन भाग पाहणाऱ्यापेक्षा कमी किमतीचा ठरतो.

शेवटाचा प्रश्न त्याहून ढोबळ आहे. साधा चित्रपट संपतो तेव्हा पडद्यावर काही उलगडत नसतं. माणूस दार लावून निघून जातो आणि नावं वर सरकू लागतात. त्या तीन-चार मिनिटांत पाहणाऱ्याच्या मनात चित्रपट बसतो. नेमकं तेव्हाच श्रेयनामावलीची चौकट आक्रसते आणि शेजारी दुसऱ्या कशाची तरी जाहिरात गर्जना करत सुरू होते. नेटफ्लिक्सने २०२० मध्ये आपोआप सुरू होणारी झलक बंद करण्याची सोय दिली. पुढचा भाग आपोआप लावण्याचा पर्याय वेगळा आहे आणि दोन्ही प्रोफाइलच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये मिळतात. आजच जाऊन दोन्ही खुणा काढून टाकाव्यात. पण ओझं चुकीच्या माणसावर टाकलेलं आहे. बंद ही मूळ स्थिती असावी आणि ज्याला हवं त्याने चालू करावं. सिगारेटच्या पाकिटावर काय छापायचं हे जर कंपनीवर सोडलं जात नाही, तर रात्री साडेअकराला कुणाच्या घरात काय आपोआप सुरू व्हावं याबद्दल नियम मागणं अवाजवी नाही.

वेग वाढवून पाहण्याच्या सोयीबद्दल मात्र आम्ही बहुतेक सिनेरसिकांच्या विरुद्ध आहोत. २०१९ मध्ये तिची चाचणी सुरू झाली तेव्हा दिग्दर्शक भडकले. २०२० मध्ये ०.५ ते १.५ पट वेगाची सोय आली तेव्हा अंध आणि कर्णबधिरांच्या संघटनांनी तिचं स्वागत केलं. रोज वेगाने ऐकायची सवय असलेल्या अंध प्रेक्षकाला दीडपट वेग हाच सहज वेग असू शकतो, आणि सबटायटल सावकाश वाचणाऱ्याला पाऊणपट. सोय राहावी. ज्यांना असली काही गरज नाही आणि तरी जे ११० मिनिटांचा शांत चित्रपट दीडपट वेगाने ७३ मिनिटांत उरकतात, त्यांनी सरळ ७५ मिनिटांचा चित्रपट निवडावा. तसे पुष्कळ आहेत.

वर्गीकरणातही एक जागा रिकामी आहे. प्रमाणपत्रांवर हिंसा, नग्नता, शिवीगाळ, अमली पदार्थ लिहिलेले असतात. चित्रपट वर्गीकरणाचं ब्रिटिश मंडळ 'धोका आणि भय' अशीही नोंद करतं, आणि ती सगळ्यांनी उचलावी इतकी उपयोगी आहे. त्यात सरासरी शॉट-लांबीची भर घालता येईल. गणित पोरकटपणे सोपं: एकूण सेकंद भागिले एकूण शॉट. शंभर मिनिटांत पाचशे शॉट असतील तर बारा सेकंद. कट ओळखणारी सॉफ्टवेअर केव्हाचीच आहेत, आणि युरी त्सिव्यान यांच्या 'सिनेमेट्रिक्स' प्रकल्पात २००५ पासून अभ्यासक असे आकडे जमा करत आलेत. एकटा आकडा फसवेल, हे 'जान दीलमान'वरून दिसतंच. पण लांब शॉट आणि 'धोका: नाही' या दोन नोंदी शेजारी आल्या की दमलेल्या माणसाला आणखी काही वाचावं लागणार नाही. निर्माते घाबरतील की संथ म्हणून शिक्का बसला तर कोण येणार. आज जो येतो तो फसून येतो आणि विसाव्या मिनिटाला निघून जातो, त्यापेक्षा हा व्यवहार वाईट नाही.

एक सावधगिरी. आठवडेच्या आठवडे झोप नाही, भूक नाही, कशातच मन लागत नाही, अशा अवस्थेत चित्रपट सुचवू नयेत, डॉक्टरकडे जावं. आणि कर्मचाऱ्यांना बारा तास राबवून वर मनःशांतीच्या ॲपचं किंवा ओटीटीचं सदस्यत्व भेट देणाऱ्या मालकांनी हा लेख आपल्या बाजूचा समजू नये. कामाचे तास कमी करणं हा पहिला उपाय आहे. चित्रपटाचा नंबर त्याच्या बराच नंतर लागतो.

सार्वजनिक वाहिन्यांनी मात्र हात झटकू नयेत. त्यांना वर्गणीदार धरून ठेवायची घाई नसते, जुने चित्रपट बहुधा त्यांच्या संग्रहात पडून असतात, आणि रात्री नऊची एक वेळ, आठवड्यातून दोनदा, मध्ये जाहिरात न घेता देणं त्यांना सहज जमेल. चित्रपटगृहांना तर नवं काही शोधायचीही गरज नाही. काही देशांत ऑटिझम असलेल्या प्रेक्षकांसाठी वेगळे खेळ वर्षानुवर्षं होत आलेत: दिवे पूर्ण मालवायचे नाहीत, आवाज थोडा खाली, आधीच्या जाहिराती आणि ट्रेलर गाळलेले, मध्ये उठून फिरायला मुभा. हीच मांडणी संध्याकाळच्या एका खेळाला सर्वांसाठी खुली करता येते. शांत चित्रपटाआधी पंधरा-वीस मिनिटं कानठळ्या बसवायच्या आणि मग प्रेक्षकाने कुजबूज ऐकावी अशी अपेक्षा करायची, हा आताचा प्रकार तसाही वेडगळच आहे. जाहिरातींचं उत्पन्न बुडेल, हा मालकांचा आक्षेप खरा आहे. त्यासाठी आठवड्यातला सगळ्यात रिकामा जाणारा दिवस निवडावा, सातला सुरू होऊन साडेआठला सुटणारा चित्रपट लावावा आणि तिकिटावर छापावं: चित्रपट बरोबर सातला सुरू होईल, त्याआधी काही नाही.